ट्विनसेट: बाराचा की साडेआठचा?

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक मोकळे. स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवरच्या एका सिलिंडरवरून दोनाच्या जोडावर, म्हणजे ट्विनसेटवर, जाताना मी शेवटी घेतलं ते असं: साडेआठ लिटरचे दोन स्टीलचे सिलिंडर, २३२ बार दाबाचे, वापरलेले; त्यांना जोडणारा, मधे आयसोलेटर (दोन्ही बाजू एकमेकींपासून तोडणारा व्हॉल्व्ह) असलेला मॅनिफोल्ड; स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची पाटी, तिलाच सिलिंडर बांधायचे); सलग पट्ट्याचा साधा हार्नेस; १८ किलो उचलणारी डोनट विंग (पाण्यात तोल सांभाळणारी, हवेनं फुगणारी गोल पिशवी); आणि एपेक्सचे दोन रेग्युलेटर (पुढे नुसतं रेग): सिलिंडरवर बसणारा डीएस४ फर्स्ट स्टेज, तोंडात धरायच्या एक्सटीएक्स५० सेकंड स्टेजसकट. पाचापैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

मी मूळची मिरजेची, फिजिओथेरपिस्ट आहे, राहते लेस्टरला. उंची पाच फूट दोन इंच, वजन बावन्न किलो. हे मुद्दाम सांगतेय, कारण ट्विनसेटबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं त्यात सहा फुटी गडी दुसऱ्या सहा फुटी गड्याला सल्ला देत असतो. दोघांचेही हात लांब, खांदे रुंद. त्यांचं बरोबरच असतं, फक्त ते माझ्या अंगाला बसत नाही.

डायव्हिंग बहुतेक स्टोनी कोव्हला. लेस्टरशायरमधली ही ग्रॅनाइटची जुनी खाण पाण्यानं भरलेली आहे. पहिला टप्पा सहा-सात मीटरवर, दुसरा वीस-बावीसवर (तिथे स्टेनगार्थ नावाची टगबोट मुद्दाम बुडवून ठेवलीय) आणि तळ पस्तिसाच्या आसपास. हिवाळ्यात पाणी पाच-सहा अंश. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाच-सहा मीटरवर गाइडचा हात धरून मासे बघितले असतील, तर हा खेळ निराळा आहे. ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा, हवा भरायचा सूट), आत जाड थर्मल, हातात जाड मोजे. आणि नजर स्कापा फ्लोवर. ऑर्कनीमधलं ते नैसर्गिक बंदर, जिथे २१ जून १९१९ रोजी नजरकैदेतल्या जर्मन आरमाराच्या खलाशांनी आपलीच जहाजं बुडवली. बरीचशी नंतर वर काढून भंगारात गेली. मोठ्यांपैकी तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून खाली आहेत, साधारण पंचवीस ते पंचेचाळीस मीटरच्या पट्ट्यात. ब्रिटनमध्ये ट्विनसेट घेणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात स्कापा असतं. माझ्याही होतं.

ट्विनसेट जास्त हवेसाठी घ्यायचा, असा समज आहे. जास्त हवाच हवी असेल तर पंधरा लिटरचा एक सिलिंडर घ्या, स्वस्तात काम होईल. दोन सिलिंडरचा खरा उपयोग वेगळा. मॅनिफोल्डवर डावा आणि उजवा असे दोन व्हॉल्व्ह, दोन्हींवर एकेक रेग्युलेटर. थंड पाण्यात उजवा रेग गोठला आणि हवा धो-धो सुटू लागली, तर उजवा व्हॉल्व्ह बंद करायचा. दोन्ही सिलिंडरमधली सगळी हवा डाव्या रेगमधून मिळत राहते. मॅनिफोल्डच गळू लागला, किंवा सिलिंडरच्या मानेतली ओ-रिंग गेली, तर मधला आयसोलेटर बंद करून निम्मी हवा वाचवायची. पस्तीस मीटरवर एकाच सिलिंडरनं हे झालं तर तो काही मिनिटांत रिकामा होतो, आणि मग बडी (डायव्हिंगमधला जोडीदार) जवळ असला पाहिजे एवढाच आधार.

आता हे सगळं कशावर टिकलंय? आपला हात डोक्यामागे जाऊन त्या तिन्ही नॉबपर्यंत पोचण्यावर. पाण्यात आडवं असताना, ड्रायसूट आणि मोजे घालून, दिसत नसताना. हात पोचला नाही तर पाठीवर तुम्ही एक सिलिंडरच दुप्पट वजनाचा घेऊन फिरताय. म्हणून मी प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर घासून बघितली: हिच्यामुळे माझा हात व्हॉल्व्हच्या जवळ जातो की लांब?

पहिल्या दुकानात हा प्रश्न कुणाच्या गावीच नव्हता. दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या भल्या माणसानं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि तरीही सरळ बारा लिटरच्या जोडाकडे नेलं. "सगळे ट्विन बारानंच सुरुवात करतात. नंतर बदलावा लागत नाही." पाठीवर चढवला तो त्या दोघातिघांनी मिळून. मी म्हटलं, माझा ड्रायसूट गाडीत आहे, तो घालून हात पोचतो का बघू दे. तर म्हणे, ते सरावानं येतं. सरावानं येतं हे खरं, पण रोज सकाळी ज्या माणसांचा खांदा उचलून त्याचे अंश मोजते, त्यांच्यावरून मला हेही माहीत आहे की कुठल्या अंशानंतर सराव संपतो आणि हाड सुरू होतं. नमस्कार करून बाहेर पडले.

मग घरी बसून हिशेब मांडला. तोच इथे देते, कारण खरेदीचा निर्णय या हिशेबावरच झाला. पृष्ठभागावर माझा श्वास मिनिटाला साधारण १६ लिटर. पस्तीस मीटरवर दाब साडेचार बार, म्हणजे मिनिटाला ७२ लिटर. आता राखीव किती? समजा तळाशी बडीची हवा संपली आणि दोघांना माझ्याच साठ्यावर वर यायचंय. घाबरलेला माणूस जास्त ओढतो, म्हणून दोघांचे मिळून ४० लिटर धरले. तळाशी सावरायला एक मिनिट, म्हणजे १८०. वर यायला चार मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार, म्हणजे ४४०. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, म्हणजे १८०. एकूण ८००. बारा लिटरच्या जोडात २४ गुणिले २३२, म्हणजे ५,५६८ लिटर. साडेआठच्या जोडात १७ गुणिले २३२, म्हणजे ३,९४४. त्यातून ८०० राखीव काढले तरी ३,१४४ उरतात, पस्तीस मीटरवर चाळिसावर मिनिटं. आणि पस्तीस मीटरवर डीकम्प्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता, राहायला मिळतं किती? हवेवर चौदा-पंधरा मिनिटं, नायट्रॉक्स २८ वर (२८ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर) त्याहून थोडी अधिक. थोडं डीकम्प्रेशन करायचं ठरवलं तरी साडेआठच्या जोडात माझी हवा संपायच्या आधी माझीच बोटं थंडीनं बधिर होतात.

हे गणित माझ्या श्वासाचं आहे. मिनिटाला २२-२४ लिटर ओढणाऱ्या, नव्वद किलोच्या माणसानं ते जसंच्या तसं घेऊ नये. त्याला बाराच लागेल, आणि त्याला तो पेलेलही.

वजनाचं काय? बॅकप्लेट, विंग, रेग सगळं चढवून भरलेला बाराचा जोड चाळीस किलोच्या आसपास जातो, साडेआठचा तीसच्या आसपास. माझ्या बावन्न किलोला या दहांचा फरक म्हणजे गाडीपासून पाण्यापर्यंत चालत जाणं आणि रांगत जाणं यातला फरक. पाण्यात वजन नसतं, असं सगळे म्हणतात. म्हणू द्यात. मणक्याला दुखापत गाडीच्या डिकीशी होते, पाण्यात नाही. माझ्याकडे येणाऱ्या डायव्हरांची पाठ सिलिंडर उचलताना वळल्यामुळेच धरलेली असते. डिकीच्या काठावर जोड उभा करून, तिथेच पाठ टेकवून पट्ट्यात हात घालायचे आणि पायांवर उठायचं. डिकी कमरेच्या उंचीची नसेल तर बाकडं शोधायचं.

आता तो कापलेला अर्धा गुण. साडेआठच्या सिलिंडरचा व्यास १४० मिलिमीटर, बाराच्या नेहमीच्या उंच सिलिंडरचा १७१. म्हणजे दोन्ही सिलिंडर एकत्र धरणारे बँड वेगळे, आणि दोन सिलिंडरच्या मानांमधलं अंतर वेगळं असल्यानं मॅनिफोल्डही त्या मापाचा. बाराचे सुटे भाग वापरलेल्या बाजारात पैशाला पासरी मिळतात. साडेआठचे शोधत बसावं लागतं. शिवाय हलके सिलिंडर घेतले की पाण्यात बुडायला तेवढं शिसं परत घ्यावं लागतं. दोन सिलिंडरच्या मधल्या खाचेत बसणारं शिशाचं लांबट वजन मी वापरते. जमिनीवर वाचवलेल्या दहांपैकी तीन-चार किलो असे परत येतात. तरी फायदाच आहे, पण जाहिरातीत कुणी हे सांगत नाही.

जोड घरी आला तेव्हा आधीच्या मालकाच्या अंगमापाचा होता. हात मागे नेला तर मधल्या आयसोलेटरला नखं लागायची, पकड नाही. उपाय पान्यात होता. बॅकप्लेटमधली दोन भोकं एकमेकांपासून ११ इंचांवर, जगभर हेच माप; त्यामुळे प्लेट पाठीवर जिथे असते तिथेच राहते, आणि सिलिंडर वर-खाली करायचे ते बँड सरकवून. बँड सिलिंडरवर खाली सरकवला की सिलिंडर पाठीवर वर येतो. पार्किंगमध्ये जुना टॉवेल अंथरला, १३ नंबरच्या पान्यानं नट सैल केले, दोन्ही बँड चार सेंटिमीटर खाली घेतले, दोन्हींमधलं अंतर परत टेपनं मोजलं आणि आवळले. ते अंतर दोन मिलिमीटरनी जरी चुकलं तर बोल्ट प्लेटमधून तिरके येतात आणि विंगनट चढत नाही. आता उजवा हात मागे नेल्यावर नॉबभोवती तीन बोटं आणि अंगठा नीट बसतात. याहून वर नेला असता तर मान मागे टाकल्यावर डोकं मॅनिफोल्डवर आपटलं असतं, आणि पाण्यात डोक्याकडचं वजन वाढून मी नाकावर झुकले असते.

हात मागे जातो कसा, हे माझं क्षेत्र, म्हणून थोडं सविस्तर. बहुतेक लोक कोपर बाहेर फाकवून हात मागे रेटतात, आणि खांदा अडला की जोर लावतात. कोपर कानाजवळून, समोरून वर न्यायचं. छाती थोडी उघडायची, मान मागे टाकायची. मग पंजा आपोआप मानेमागे उतरतो. टेबलावर काम करणाऱ्यांच्या पाठीचा वरचा भाग ताठर झालेला असतो आणि काखेमागचा मोठा स्नायू आखडलेला. गुंडाळलेला टॉवेल पाठीखाली आडवा घालून रोज पाच मिनिटं उताणं पडलात, हात डोक्यावर सोडलेत, तर महिन्या-दीड महिन्यात फरक दिसतो. त्याउपर अडलं तर ड्रायसूट तपासा. काखेत कापड कमी असेल, किंवा आतला थर्मल फार जाड असेल, तर खांदा निर्दोष असूनही हात अर्ध्यातच थांबतो. पोटाकडे दुमडलेलं जास्तीचं कापड असणारे सूट यासाठी बरे. हात वर केला की ते कापड वर सरकतं.

हार्नेसबाबत मी जुन्या वळणाची. पाच सेंटिमीटर रुंदीचा एकच सलग पट्टा, बकल एकच कमरेला, एक पट्टा मांड्यांमधून, डी-रिंगा मोजक्या. दुकानात गादी लावलेला, खांद्यावर क्लिप असलेला 'आरामदायी' हार्नेस महाग लावतात. घालताना तो छान वाटतो. पण गादी खांद्यावर जाडी वाढवते आणि हाताची वाट तेवढीच अडवते. साधा पट्टा खांद्यावर सैल ठेवायचा, इतका की उभं असताना पट्ट्याखाली मूठ जावी. घट्ट आवळला तर हात वर होत नाही. माझ्यासारख्या आखूड धडाच्या लोकांसाठी काही कंपन्या आखूड प्लेट करतात, बोल्टचं अंतर तेच ठेवून. शक्य असेल तर ती घ्या. नेहमीची प्लेट मला कमरेच्या हाडावर टेकायची. स्टीलची साधारण अडीच किलोची असते, ती शिसंच समजायची. उबदार समुद्रात पातळ सूटवर ॲल्युमिनियमची चालेल.

विंगमध्ये लोक फसतात ते आकाराला. २७ किलो उचलणारी विंग 'सुरक्षेसाठी' घेतात. हवेला वजन असतं: माझ्या जोडातल्या ३,९४४ लिटर हवेचं पावणेपाच किलो. विंगनं सांभाळायचं ते एवढं वजन, आणि ड्रायसूटमध्ये पाणी शिरलं तर त्याची गेलेली उचल. १८ किलो पुष्कळ झाले. मोठी विंग फुगली की तिचे कोपरे खांद्यामागे उभे राहतात, आणि नेमकं तिथूनच हात न्यायचा असतो. इलॅस्टिक दोऱ्यांनी आवळलेल्या विंग अजून मिळतात. दोऱ्या हवा कोपऱ्यात अडकवतात, घेऊ नका. आणि एकेरी सिलिंडरची अरुंद विंग ट्विनसेटवर चालवायच्या भानगडीत पडू नका. सिलिंडरच्या खाली दबून ती फुगतच नाही. दोन विंग लागतात, हा खर्च धरूनच चाला.

रेगबद्दल मी एपेक्सची पक्षपाती आहे, हे आधीच सांगते. कंपनी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नची, त्यामुळे सर्व्हिसिंग आणि सुटे भाग इथे कुठेही. डीएस४ हा त्यांचा साधासुधा फर्स्ट स्टेज, फिरतं डोकं नाही, आतला भाग थंड पाण्यापासून बंद. त्याला चार कमी दाबाची आणि एक उच्च दाबाची भोकं. ट्विनसेटवर प्रत्येक बाजूला दोन-तीनच नळ्या असतात, त्यामुळे महाग मॉडेलची जादा भोकं बुचं मारून ठेवायलाच. नळ्या खाली उतरतात आणि नॉबजवळची जागा मोकळी राहते, माझ्या कसोटीला हे महत्त्वाचं. डिन कनेक्शनच (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारं) घ्या. क्लॅम्पवाला रेग ट्विनसेटवर आणून अडचण करू नका.

मांडणी अशी: उजव्या व्हॉल्व्हवर लांब नळीचा मुख्य रेग आणि विंगची नळी. डाव्यावर गळ्यात इलॅस्टिकनं अडकवलेला दुसरा रेग, ड्रायसूटची नळी आणि प्रेशर गेज. उजवीकडेच मुख्य का? गुहेत किंवा जहाजात पुढे जाताना छताला नॉब घासला तर डावा हळूहळू बंद होतो, उजवा उघडण्याच्या दिशेनं फिरतो. विंग आणि ड्रायसूट वेगवेगळ्या बाजूंवर असले की एक बाजू बंद केली तरी फुगवायला काहीतरी उरतं. ही पद्धत फ्लोरिडातल्या गुहांमधली. बिल हॉगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या मधल्या नावावरून तिला हॉगार्थियन म्हणतात. मुख्य नळी २.१ मीटरची, कारण अरुंद वाटेत एकामागे एक जाताना हवा देता यावी. आखूड अंगाला ही लांबी जास्त होते, पोटाजवळ तिचा फास लोंबतो. कमरेच्या उजव्या बाजूला दिव्याचा बॅटरी-डबा असेल तर त्याखाली ती बसते, नाहीतर कमरपट्ट्यात खोचावी लागते. जहाजाच्या आत शिरायचंच नसेल तर १.५ मीटर माझ्या मापाला अगदी बेतशीर होते: काखेखालून, छातीवरून, मानेमागून तोंडात. मी २.१च ठेवली, स्कापा मनात असल्यामुळे.

नळ्या मात्र रबराच्या. वेणीच्या नळ्या मऊ आणि दिसायला देखण्या, पण मी हेच रेग सुट्टीत भारतात नेते, आणि उष्ण हवेत अशा काही नळ्यांचं आतलं अस्तर खराब होऊन त्या फुटल्याच्या नोंदी आहेत. रबर जड असेल, पण फुटायच्या आधी बाहेरून चिरा तरी दाखवतं.

ज्यांचा खांदा सगळं करूनही उठत नाही (जुनं फ्रोझन शोल्डर, ऑपरेशन, काहीही), त्यांनी पाठीवरच्या ट्विनसेटचा हट्ट सोडावा आणि साइडमाउंट बघावं. दोन सिलिंडर कुशीला, व्हॉल्व्ह काखेपुढे डोळ्यांसमोर. चढवणंही एकेक करून, पाण्यात. बोटीवर थोडी कटकट होते, पण हात पोचण्याचा प्रश्नच मिटतो. माझ्या एका क्लबमैत्रिणीला मी हेच सुचवलं आणि ती खूश आहे.

वापरलेला जोड बघायला जाताना एवढं तपासा. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख: ब्रिटनमध्ये दर अडीच वर्षांनी आतून बघणी आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि सिलिंडर दोन म्हणजे बिलंही दोन. चाचणी संपलेला जोड स्वस्त दिसतो, ती रक्कम त्यात मिळवून भाव करा. बँड काढायला लावा, त्याखालीच गंज लपतो. तिन्ही नॉब रबराचे आहेत ना आणि एका हातानं, मोजे घालून फिरतात ना, ते बघा. आयसोलेटर पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडा. आणि भरून आणलेला जोड असेल तर दोन्ही बाजूंना गेज लावून दाब वाचा. भरताना कुणी आयसोलेटर बंदच ठेवला असेल तर एका बाजूला २३० आणि दुसऱ्या बाजूला ६० निघतात, आणि पाण्यात तुमचं गेज त्यातलं एकच दाखवणार असतं.